स्टँड नसलेली

शशीधरनने मला भिंतीला पाठ लावून उभं केलं,
मांड्यांमध्ये एक जाडसर कॅटलॉग धरायला लावला,
टेप ओढली आणि मान हलवली:
हेगिष्टे, तू मीडियमही नाहीस, लार्जही नाहीस.
मला हे नवीन नव्हतं.
शर्ट, बूट, कंपनीतली पगाराची श्रेणी,
सगळीकडे मी दोन मापांच्या मधल्या फटीत राहतो.

कार्बनची काळी फ्रेम दोन बोटांवर उचलली,
किंमत वाचली,
आणि तितक्याच हलक्या हाताने परत ठेवली.
मागे, खोक्यांच्या आडोशाला, गेल्या वर्षीची ॲल्युमिनियमची,
रंग शिळ्या अळूच्या भाजीचा.
हा रंग कुणी नेत नाही, तो म्हणाला.
मी नेला. मीडियम.
लहान माप वळणावर ऐकतं, मोठं नुसतं ऐकवतं,
असंही तो म्हणाला. खरं-खोटं तो जाणे,
चारशे दिरहम कमी झाले एवढं खरं.

नखीलच्या आमच्या इमारतीत
लिफ्टमध्ये पाटी आहे: सायकल नेऊ नये.
मोफिजुल नातूर पाटी झाकून उभा राहिला
नि गंभीरपणे म्हणाला, ये तो खोका है.

रात्री हॉलमध्ये जुनी चादर.
वसुधा हॉस्पिटलात, नाइट ड्यूटीवर;
तिचा मेसेज: जेवलास का नटच खाल्लेस?
उत्तर द्यायला हात स्वच्छ नव्हते.
हेडसेटच्या कड्या, त्यांचा क्रम,
काट्याच्या नळीला ग्रीस, फार नको.
ब्रेकच्या डिस्कला बोट लावायचं नाही.
लावलं. स्पिरिटने पुसलं. पुन्हा लावलं.
डाव्या पेडलचे आटे उलटे असतात,
सोडवायच्या दिशेने ते घट्ट होतं,
आणि दर वेळी मी आधी चुकीकडे जोर लावतो.

दिवसभर मी स्विचगिअरचे पॅनेल जोडतो.
नट आवळला की त्यावरून पिवळी रेघ ओढायची,
नटापासून थेट पट्टीपर्यंत;
रेघ तुटली तर समजायचं, काहीतरी हललं.
तोच पेन शर्टाच्या खिशात निघाला.
स्टेमचे चार, हँडलचे चार, सीटचा एक,
पाच न्यूटन-मीटर, टिक्, रेघ.
ज्यांच्यासाठी पॅनेल करतो
त्यांच्यापैकी कुणासाठी इतक्या हळू हाताने
मी रेघ ओढली नव्हती.

दीड वाजता खाली पार्किंगमध्ये.
बाहेर फेब्रुवारीचं धुकं, खडीचे ट्रक थांबून राहिलेले.
मोफिजुल भोवती एक फेरी मारून आला:
स्टँड किधर? कॅरिअर? घंटी?
एवढ्या पैशात स्टँडसुद्धा नाही?
मी म्हटलं, हिला भिंत लागते, नाहीतर माणूस.

मग त्याने लुंगी गुडघ्यावर खोचली.
मी काही बोलायच्या आत तो सीटवर होता,
नोआखालीनंतर अकरा वर्षांनी,
पहिल्या खांबापाशी डळमळत,
तिसऱ्याला वळसा, दोन गाड्यांच्या मधून, मग दिसेनासा,
फक्त मागच्या चाकाचा आवाज, चिर्र, चिर्र.
परत आला तो हसत नव्हता.
पिछे का ब्रेक रो रहा है, साब.

बरोबर होतं. कॅलिपर एका बाजूला घासत होता,
आणि हॉलमधल्या एसीत मला ते ऐकूच आलं नव्हतं.
दोन बोल्ट सैल केले. त्याने ब्रेक दाबून धरला,
मी आवळले. टिक्. टिक्.
पेन त्याने मागून घेतला.
त्याच्या दोन रेघा वाकड्या आल्या,
एक तर थेट टायरपर्यंत गेली.
पुसायची नाही, असं ठरलं.

शौकाचा डोंगर सकाळी सहाचा,
रॉडेलची गाडी येणार चारला.
खांब सगळे तेलकट, भिंतीला ताजा चुना.
ती कशाला टेकवावी, दोघांनाही सुचेना.
पहिला अर्धा तास त्याने धरली,
मग मी.