शेवटची ओळ

सरवटे स्टँडवरून सहा दहाची बस.
पाटीवर धुलिया, तिकिटावर धुलिया.
अकरा वर्षं मी त्या पाटीखाली उभी राहून
हीच ना, असं विचारूनच चढते.

रामबागेजवळ बाफनांच्या चष्म्याच्या दुकानात
मी डोळे तपासते.
भिंतीवर अक्षरांचा तक्ता: वर एकटा थोराड न,
मग जोडी, मग तिघं,
खाली खाली मुंग्यांची रांग.
अब? और अब?
त्या अख्ख्या तक्त्यात ळ नाही.
कुणाला तो कमी दिसत नाही. मी तपासलंय.

बहीण फोनवर म्हणते, तुमच्या तिकडे.
इथे म्हणतात, आपके उधर.
दोघं बोट दाखवतात ते गाव
बहुधा या बसमध्येच असावं,
खिडकीकडची सीट, मांडीवर जीरावनचे दोन डबे.

मानपूर गेलं की रस्ता
पायरी चुकल्यासारखा खाली येतो.
काळी सपाटी संपते. दरीत सागाची पानं,
किड्यांनी जाळी केलेली,
ब्रेकचा जळका वास,
आणि ट्रकच्या पाठीवरचं 'फिर मिलेंगे'
नको इतकं जवळ.
खलघाटला नर्मदा आली तसे सगळ्यांचे हात बाहेर.
बहुतेकांचं नाणं कठड्याला आपटून
रस्त्यावरच परत येतं.
एवढी रुंद नदी, तरी नेम चुकतो.
माझाही. दर खेपेला.

सेंधव्यानंतर मी चष्मा पुसून बसते.
बिजासनचा घाट, देवीचं देऊळ, नाका,
आणि मग पहिली पाटी: पळासनेर.
किती लांबून वाचता येते, हा माझा एकटीचा खेळ.
गेल्या वर्षी वळणाआधीच वाचली.
पाठ असलेलं वाचणं म्हणजे दिसणं नव्हे,
हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते.

या वेळी घाटात कंटेनर आडवा झाला होता.
नाक्याच्या अलीकडे बस दोन तास.
कंडक्टर मंडलोई म्हणाला, उतर जाओ, पैर सीधे कर लो.
ऑक्टोबरचं ऊन. गवत पिवळं पडायच्या बेतात.
कडेला एक बाई, पानांवर फळं मांडून.
"सीताफळ लेवो, बाई."

मी थांबले.
परत म्हणा, म्हटलं.
तिला वाटलं, मला ऐकू कमी येतं.
ओरडून म्हणाली, सीताफळ!
जीभ टाळ्याशी वळवून, माझ्याहून स्वच्छ.
नाका अजून पुढे होता.
तिचं गाव मागे, डोंगरात,
नकाशाच्या त्या बाजूला, जिथे मी
हे अक्षर नाहीच, असं धरून जगत होते.
मी बोट दाखवत गेले. डोक्यावरचा कावळा?
बसचा धूर, कसला रंग?
"काळो," ती म्हणाली, आणि हसायला लागली:
ही कोण, फळं घेईना, शब्दच घेते.
मग घेतली दोन किलो. भाव न करता.

पळासनेर कधी गेलं कळलं नाही.
मी बिया मोजून रुमालात ठेवत होते.

दारात बहीण. "थकून गेली गं," मी म्हटलं.
"गेले," ती म्हणाली. "गेली नव्हे, गेले. इंदूरवाली!"
आणि पिशवीत हात घालून
पिकलेलं कुठलं ते चाचपत राहिली.

सोमवारी दुकान उघडल्यावर
तक्त्याच्या शेवटच्या ओळीत, उजवीकडे,
पेनानं एक ळ काढला.
पहिलं गिऱ्हाईक शाळकरी पोरगा.
वरून भराभर वाचत आला आणि तिथे अडकला.
"आंटी, ये आठ सो क्यों रहा है?"
मी काच बदलली. अब?
त्यानं डोळे बारीक केले.
"अब भी सो रहा है."
गल्ल्यावरून बाफनांनी विचारलं,
नंबर कितना आया?