मोजणी

शहरातून मोजणीवाला आला, खांद्यावर तिपाई.
म्हणाला, तुमचं घर नेमकं कुठं होतं?
डुल्सेलीनानं चपलेनं काळा दगड ठोकला.
"इथं. पंधरा हात खाली.
चूल उगवतीला, खिडकीत पुदिन्याचा डबा.

"धावत नव्हता हो लाव्हा.
नांगराचा बैल चालतो, तेवढाही नाही.
दारं उतरवली, चौकटी उतरवल्या,
शेजारच्या बेनविंदुनं तर घर झाडून घेतलं,
कुणी पाहुणा यायचा असावा तसं.
मग भिंत आत वाकली.
काचा फुटल्याचा आवाज, बस."

त्यानं कागदावर लिहिलं : नष्ट.

"लिहा की. पण हेही लिहा,
परतलो तेव्हा याच दगडावर विटा रचल्या,
आणि तीन हिवाळे फरशी अशी ऊन
की कणकेचा गोळा कोपऱ्यात ठेवावा, तासात फुगावा.
नातू अनवाणी नाचायचा, खिदळायचा.
ज्यानं घर गिळलं त्यानंच घर शेकलं.
याला रकाना कुठला?"

मोजणीवाला पेन्सिल चघळत राहिला.
तिपाईचा पाय दगडात रुतेना.

"ती मावळतीची कडा बघा.
शाळेत मास्तर सांगायचे, डोंगर तिच्याहून उंच होता.
कधी काळी त्याची अख्खी कूस
समुद्रात घसरली,
लाटेनं पलीकडच्या बेटावर
घराएवढे धोंडे नेऊन टाकले, थेट माळावर.
बकऱ्या बसतात म्हणे त्यांच्या सावलीत.
डोंगर पडला म्हणून ही सपाटी,
सपाटी म्हणून आम्ही.
त्याची मोजणी कुणी केली का?"

ती पुढं झाली. राखेत गुडघाभर खड्डा,
खड्ड्यात द्राक्षाची काडी, काडीला दोन पानं.
पाऊस नाही, रात्रीचं धुकं तेवढं राख पिते.
"मूळ केसाएवढं," ती म्हणाली,
"पण भेगेत शिरलं की दगड उकलतं.
मोडतोडच ती. तिच्यातून माझी दारू."

पावतीचा कागद काढला तिनं, चार घड्यांचा :
खालच्या शेताचा सारा, दर वर्षी भरलेला.
"वरच्याचा कुणी मागतच नाही.
नकाशात ते अजून जन्मलं नाही."

निघताना त्यानं बूट काढला,
तळपाय फरशीवर टेकला, थांबला.

"गार ना?
यंदा पहिल्यांदाच घोंगडी अंथरली.
पहाटे पाय खाली ठेवते, आणि
काय सांगू,
चुकल्याचुकल्यासारखं होतं."