अडीच टक्के

बोल्गातांगाच्या दवाखान्यात मी क्लेम लिहिते.
मलेरिया, मलेरिया, बाळंतपण, मलेरिया.
मार्चचे पैसे आक्राहून अजून यायचेत
आणि बाहेर डिसेंबरची धूळ सुटली आहे.
औषधवाला अयामगा रिकाम्या फळीवर हात फिरवतो,
"बाहेरून आणा," म्हणतो,
कुणाकडेच न बघता.

अतिपोका टोपल्या विणते.
कार्डाची मुदत जूनमध्येच संपली.
हप्ता भरला नाहीस, मी म्हणते.
ती कनवटीची पावती काढून
टेबलावर तळव्याने सपाट करते:
साबण, दुधाचा डबा, टॉर्चचे सेल,
खाली बारीक अक्षरांत
आरोग्य विम्याचे अडीच टक्के.
"मग हे कुणी भरले?"

काय सांगू. गेले असतील कुणाच्या हर्नियाला,
दूर समुद्राकाठी,
ज्याला टोपली म्हणजे काय ठाऊकही नसेल.

आमच्या आईच्या वेळी आधी पैसे, मग सुई.
भाऊ जन्मला, तर बिल फिटेपर्यंत
दोघांना वॉर्डातून सोडेनात.
एकविसाव्या दिवशी वडील चालत आले.
घरात त्याला अजून सायकल म्हणतात.

मग जिल्ह्याजिल्ह्याच्या पेट्या निघाल्या,
मग पेट्या मोडून एकच मोठी पेटी,
साहेब बदलले, फॉर्म बदलले,
आता म्हणे फोनवरूनच कार्ड ताजं होतं.
रेंज खिडकीपाशी येते.
मी माझ्याच फोनवरून तिचा हप्ता भरते,
दोघी खिडकीत उभ्या, मेसेजची वाट बघत.

आला.
अयामगा तिकडून ओरडतो, "तरी बाहेरूनच!"
अतिपोका हसते, पावतीची घडी
कार्डामागे सरकवते.
मी नवी ओळ सुरू करते.
मलेरिया.