आतला अर्धा

लीकच्या चढावरल्या घरात
ॲम्ब्रोजच्या दाराला चाळीस वर्षं टेकू होता
चिनी मातीच्या एका निमुळत्या सुळक्याचा.
चारी अंगांवर रंगवलेली फुलं, एक मधमाशी,
बुडाशी नखाएवढा उडालेला टवका.
आईने त्यावर मोजे वाळवले,
भावाने खेळात चर्चचा कळस केला.
लिलाववाला चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"शोभेची वस्तू. अपुरी."

अपुरी कशी, ते सांगितलं थर्झा ब्लोरने.
बर्स्लेमच्या कारखान्यात एकवीस वर्षं
ती कपांना कान चिकटवायची.
आता बोटांत सुई धरवत नाही,
पण माती कळते.
सुळका उलटा करून तिने पोकळ पोटात फुंकर मारली.
"हा आतला. वरून बाहेरचा असायचा, साधा, बिनरंगाचा.
दोघांमध्ये बोटभर फट.
त्या फटीत वासराच्या खुरांची जेली,
गाळून गाळून काच केलेली.
थिजली की बाहेरचा उचलायचा.
मग मेजवानीत सगळे बघणार ते याच्याकडे."

बाहेरचा कधीतरी फुटला असेल.
एखाद्या पोरीचा पगार कापला असेल.
साध्याची नोंद कोण ठेवतो?

रविवारी दोघांनी खटाटोप मांडला.
बाहेरचा म्हणून दुधाचा प्लास्टिकचा कॅन, गळा कापून;
दुकानातलं जिलेटिन, लिंबू, साखर.
रात्रभर फ्रीजमध्ये, सॉसेजच्या शेजारी.
सकाळी कोमट पाणी, ओला फडका,
थर्झाची एक ठेवणीतली शिवी,
आणि फसक्.

एक बाजू बशीत बसली.
तीन उभ्या राहिल्या, वाकड्या,
पाठीवर कॅनच्या मुठीचा ठसा घेऊन.
तेवढ्यात खिडकीतून ऊन आलं,
रस्त्यावरून एक लॉरी गेली,
आणि मधमाशीने पंख हलवले.
ॲम्ब्रोज आजही शपथेवर सांगतो.

मग चमचे काढले.
जेली संपत गेली तसतशी
फुलं एकेक करून उघड्यावर आली
आणि गप्प झाली.
पाकळीचा पुन्हा नुसता रंग.
मधमाशीपाशी थर्झाने त्याचा हात धरला,
"एवढं राहू दे."

टिकलीएवढं ते
दुपारपर्यंत थरथरत होतं,
कारण दार वाऱ्याने आपटत होतं,
आणि टेकू लावायला
कुणी उठलं नाही.