श्लॉस

हर्णैच्या जेटीवर, जाळ्यांच्या ढिगावर बसून
रुहिना जर्मन घोकते, नर्सिंगसाठी.
"श्लॉस म्हणजे कुलूप, अब्बा.
किल्ला म्हणजेही श्लॉस."
एकच शब्द?
"एकच. मुळात बंद करणं."

समोर सुवर्णदुर्ग. होडी अगदी जवळ जाईतो
दरवाजा दाखवत नाही.
पटलं मला.

कुवेतला सात वर्षं काढली मी. कुलूप तिकडचंच,
तिथे कुफ्ल म्हणतात.
किल्लाही तिकडूनच आला असणार,
गलबतातून, खजुरासोबत.
पण आपण किल्ल्याशेजारी
किल्ली ठेवली.
सख्खी नसतील, बोलताना वाटतात.

काल दापोलीत तिच्या बॅगेला
पितळी श्लॉस घेतलं, बोटभर.
दोन किल्ल्या आल्या.
दुसरी माझ्या खिशात आहे,
तिने अजून मागितली नाही.