छाट

बेडमिन्स्टरच्या चढावरचं घर, खाली आणलेला पलंग.
बेरिल टोवी, वय एक्याऐंशी,
माझ्या यंत्राच्या नळीकडे बघते
शिळ्या बोंबलाकडे बघावं तशी.
"पोरी, फुंकायला मला शिकवतेस?"

ओठ घट्ट मिटा, मी म्हणते, सगळा श्वास सोडा,
अजून, अजून, अजून,
तिसऱ्या 'अजून'ला तिला ढास लागते.
पडद्यावर अक्षरं येतात: ग्राह्य नाही.

दम खाते. तेवढ्यात भांडूनही घेते.
सोळाव्या वर्षी ती कारखान्यात लागली,
पानांच्या शिरा काढायला.
दर शुक्रवारी पगाराच्या पाकिटाबरोबर सिगारेटी फुकट.
नको म्हटलं तर फोरमन विचारायचा,
"का गं, मठात जायचंय?"
कारखान्याचा डॉक्टर छाती तपासायचा
तेव्हा राख तिच्या पोलक्यावर पडायची.
आणि तिच्या वेळी आईच्या कळा लांबल्या,
बाहेर बॉम्ब पडत होते,
तर सुईणीनंच एक पेटवून आईच्या ओठांत दिली. धीराला.
"तेव्हा कुठे होतीस गं तू, तुझी नळी घेऊन?"

मी पाठ केलेलं बोलते.
पन्नास सालीच आकडे हाती आले होते,
कंपन्यांना ठाऊक होतं, त्यांनी झाकून ठेवलं.
"आकडे येत होते," बेरिल म्हणते, "पगारही येत होता.
आम्ही पगार मोजला."

मी चारशे वर्षं मागे जाते.
इथल्याच एका राजाला या धुराला
नरकाचा वास येतो असं वाटलं होतं.
"मग? बंदी घातली?"
नाही. कर वाढवला.
बेरिल इतकी हसते की मला पाण्याचा ग्लास धरावा लागतो.

खिडकीतून, नदीपाशी, लाल विटांची गोदामं दिसतात.
त्याही आधी इथं व्हर्जिनियाची पिंपं उतरत.
ती भरणाऱ्यांचे श्वास कुणी मोजले होते
हे तिच्या बाजूनं येत नाही,
माझ्याही बाजूनं आलं नव्हतं, आत्ता लिहितानाच आलं.

दुसरी फुंकर. ग्राह्य नाही.

माझी आई सिन्नरला विड्या वळायची.
मांडीवर सूप, टेंभुर्णीचं ओलं पान,
कात्री, चिमूट, दोरा. हजाराचा हिशेब.
मुकादम एकेक विडी बोटांत दाबून बघे
आणि नावडती बाजूला टाकी: छाट.
छाटेचे पैसे नाहीत.
छाट घरीही न्यायची नाही, ती त्याचीच.
आईनं कधी विडी ओठाला लावली नाही,
खोकली मात्र बेरिलसारखीच,
रात्री, भिंतीकडे तोंड करून, आम्ही उठू नये म्हणून.
त्या हजार-हजारांवर माझी फी भरली
आणि मी सातासमुद्रापार आले
लोकांना सिगारेट सोडा सांगायला.

हे मी बेरिलला सांगत नाही.
अर्ध्या तासात बसत नाही ते.

पण ती उशाखालून पत्र्याची डबी काढते,
शेवटच्या शुक्रवारची, न फोडलेली, 
"ही ओढायची नाही, फक्त हुंगायची,"
आणि झाकण माझ्या नाकाशी धरते.
पानं केव्हाची वाळून भुगा झाली असतील.
तरी वास आला. आईच्या पदराचा.
मी डबी लगेच परत करायला हवी होती.

तिसऱ्या खेपेला बेरिल डोळे मिटून फुंकते,
वाढदिवसाच्या केकवर फुंकावं तशी, शेवटपर्यंत.
शून्य पूर्णांक आठ लिटर. ग्राह्य.
"पास?"
मी आकडा लिहून घेते.
"आणि आधीच्या दोन? त्या कुठे गेल्या?"
यंत्र त्या धरत नाही, मी सांगते.
"पण दम तर माझाच गेला ना त्यांत,"
ती म्हणते, आणि डबीचं झाकण
अंगठ्यानं दाबून, नीट, बंद करते.