ओतारचा पेनड्राइव्ह

लमारा आल्या तेव्हा मी शटर अर्धं ओढलं होतं.
कुतैसीत त्या दिवशी नदीवरून बोचरा वारा सुटला होता,
आणि सकाळपासून एका प्रिंटरने माझा जीव खाल्ला होता.

काखेत नवा लॅपटॉप,
हानोवरच्या भाच्याने पाठवलेला, वहीइतका पातळ,
झाकणावरची फिल्मसुद्धा काढली नव्हती.
आणि रुमालाच्या गाठीत एक पेनड्राइव्ह.
त्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर जांभळ्या शाईत
नवऱ्याचं अक्षर: "लमारासाठी. हरवू नकोस."

"जुन्यासारखाच करून दे, ग्वांत्सा.
पेंग्विनवाला. फाइली डावीकडे, घड्याळ खाली.
चाळीस मधपेट्यांचा हिशेब आहे माझा,
या वयात नवी घडी शिकणार नाही."

लावला पेनड्राइव्ह.
काळा पडदा, कोपऱ्यात एक रेघ,
उघडझाप, उघडझाप.
बंद केला, चालू केला. पहिले पाढे पंचावन्न.
एक जादा शब्द टाइप करून ग्राफिक्सची समजूत घातली,
तेव्हा कुठे चित्र आलं, मोठं, फुगलेलं,
जवळचा चष्मा लावून लांबचं बघावं तसं.
टचपॅड मेलेलं. वायफाय नाहीच,
म्हणजे बंद नव्हे, मुळात नाहीच,
जणू त्या जागी कार्ड कधी बसवलंच नव्हतं.
आणि डिस्क?
डिस्क तर ताकास तूर लागू देईना.
"कुठेही जागा सापडली नाही," असं इन्स्टॉलर म्हणाला,
एक टेराबाइट समोर असताना.

बायोसमध्ये शिरले. सिक्युअर बूट उतरवलं.
डिस्क लपवणारी एक सेटिंग सापडली, तीही उतरवली.
डिस्क दिसली. बाकी सगळं तसंच.

रात्री नऊला मी त्यांना सांगितलं
(खरं तर सातलाच कळलं होतं):
लमारा, यात बिघाड नाही कुणाचाच.
ओतारने हे भरलं पाच वर्षांपूर्वी.
हा लॅपटॉप तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता.
या आतल्या कर्नलला याची ओळख ना पाळख.
तो दारात उभा राहून विचारतोय, तुम्ही कोण?
नि याच्याकडे द्यायला नाव आहे,
त्याच्या यादीत ते नाव नाही.

त्या काही बोलल्या नाहीत.
चिकटपट्टीची सुटलेली कड नखाने दाबत राहिल्या.
मग म्हणाल्या, "म्हणजे त्याला नाही येणार हे."
नाही येणार, मी म्हटलं.
"तो म्हणायचा, मला सगळं येतं."

माझा फोन केबलने जोडला, त्याच्या इंटरनेटवर
गेल्या महिन्यातला कर्नल उतरवला,
कुणीतरी कुठेतरी, बहुधा स्वतःच्याच लॅपटॉपवर वैतागून,
या कार्डासाठी चार ओळी लिहिल्या होत्या.
त्या मला लागल्या. त्याला कळणारही नाही.

साडेअकराला पडदा स्वच्छ झाला.
वायफायच्या यादीत शेजारच्या बेकरीचं नाव आलं,
आणि मी, काहीही कारण नसताना, टाळी वाजवली.

मग जुन्या लॅपटॉपमधून ओतारला आणलं:
त्याचा हिरवा वॉलपेपर, त्याचे आडमुठे शॉर्टकट,
"मध_खरंच_शेवटचं_२" नावाची फाइल.
घड्याळ खाली.

एकच राहिलं. माइक चालत नाही.
पुढच्या कर्नलमध्ये चालेल, बहुतेक.

"म्हणजे मी बोललेलं याला ऐकू जाणार नाही?"

नाही, सध्या तरी.

त्या पहिल्यांदाच हसल्या.
"मग चालेल. तसाच होता तो."

पैसे विचारले, मी सांगितले, त्यांनी घासाघीस केली,
चक्क पाच लारी कमी केल्या.
पेनड्राइव्ह मात्र परत रुमालात बांधला,
गाठ दोनदा मारली,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या:
"पुढचा कर्नल आला की फोन कर.
घाई नाही."